‘नदी दूर गेली’ची मालकीण

मला राग लवकर येतो. कॉलेजात नव्या पोरांना हे पहिल्याच आठवड्यात कळतं आणि घरचे तर लग्नापासून ओळखून आहेत. त्यातही एका गोष्टीचा मला फार राग. दुसऱ्याचं उतरवून आणायचं आणि खाली आपलं नाव टाकायचं. मी अकरावी-बारावीला मराठी शिकवते. दर वर्षी प्रकल्पाच्या वह्या येतात आणि त्यातल्या निम्म्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी असतात. एका वर्षी एका मुलीला मी अख्ख्या वर्गासमोर उभं केलं आणि विचारलं, "दुसऱ्याचं आपलं म्हणून देताना लाज नाही वाटली?" ती खाली बघून रडायला लागली. मला वाटलं, बरं झालं, आता जन्मभर लक्षात ठेवेल. तिच्या लक्षात आहे की नाही कोण जाणे, मला मात्र ते वाक्य अलीकडे रोज आठवतं.

आमचं गाव सावनेरच्या पुढे. माझे आईवडील नोकरीपायी नागपूरला आले आणि प्रताप नगरात घर करून राहिले, पण वडिलांचे थोरले भाऊ गावीच शेती करत राहिले. त्यांची बायको ती माझी मोठी आई. आता ती ऐंशीच्या घरात आहे, मुलगा आणि सून यांच्याजवळ राहते. माझे वडील गेले, मोठे बाबा गेले, आई जाऊनही नऊ वर्षं झाली. त्या पिढीतली ती एकटीच उरली आहे. तिला लिहिता-वाचता येत नाही. पण भुलाबाईची गाणी तिला जेवढी येतात तेवढी आमच्या पंचक्रोशीत कोणाला येत नाहीत.

भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे भुलाबाई बसते. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोबा, वर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव. रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरी टिपऱ्या घेऊन जमतात, फेर धरून गाणी म्हणतात, आणि शेवटी खाऊचा झाकलेला डबा हलवून आत काय आहे ते ओळखायचं असतं. गाणी ठरलेली, पण घट्ट नाहीत. म्हणणारी बाई त्यात आपल्या घरच्या पोरींची नावं घालते, एखादी ओळ जोडते, एखादी गाळते. कोणाचं गाणं कुठे सुरू झालं आणि कोणी वाढवलं, हे विचारायची रीत नाही. माझ्या चुकीचं मूळ इथे आहे. रीत नाही म्हणून मी विचारलं नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्या डोक्यात भरलं की ही गाणी जपली पाहिजेत. नवा फोन घेतला होता, तीन पायांचा स्टँड घेतला होता, आणि माणसाच्या हातात नवं काही आलं की त्याला समाजकार्य सुचतं. सुट्टी टाकून गावी गेले. मोठी आईला ओसरीवर बसवलं, पदर नीट करायला लावला, मागची दोरीवरची धुणी काढली. दोन दिवसांत अकरा गाणी घेतली. तिला कौतुक वाटत होतं. मध्येच ती काहीतरी सांगायला लागायची, मी तिला गाण्याकडे वळवायची. बॅटरी कमी होती आणि परतीची बस पाचची होती.

घरी येऊन मी त्या व्हिडिओंची कापाकापी केली. सुरुवातीची बडबड, कुकरच्या शिट्ट्या, शेळीचं ओरडणं, सगळं काढून फक्त गाणं ठेवलं. एक चॅनल उघडलं. त्याला माझं नाव दिलं नाही, लोकगीतांचा ठेवा अशा अर्थाचं एक भारदस्त नाव दिलं. आणि एकेक व्हिडिओ चढवायला लागले. चढवताना दर वेळी साइट विचारायची की हे सगळं तुमच्या मालकीचं आहे का, हक्क तुमच्याकडे आहेत का. मी दर वेळी होय म्हणून पुढे गेले. फोन माझा, स्टँड माझा, बसचं तिकीट माझं, रात्रंदिवस डोळे फोडून केलेली कापाकापी माझी. आणि गाणं? ते तर सगळ्यांचं. सगळ्यांचं म्हणजे कोणाचंच नाही, असा हिशेब मी न बोलता मांडून टाकला होता. खाली लिहिलं, ‘पारंपरिक. संकलन,’ आणि पुढे माझी आद्याक्षरं. मोठी आईचं नाव मी लिहिलं नव्हतं. ‘सावनेर भागातील एक वयोवृद्ध महिला’ असं लिहिलं होतं. तेव्हा मला ते फार अभ्यासू वाटलं होतं.

अकरापैकी दहा गाणी कोणी ऐकली नाहीत. अकरावं मात्र वाऱ्यासारखं पसरलं. त्यात एक जाऊ दुसऱ्या नव्या जावेला म्हणते,

घागर राहू दे वं रिकामी, घडीभर बस वं
मी सांगतो सासूले, नदी दूर गेली वं

नव्या नवरीला माहेरची आठवण येते, पण घरात रडायची सोय नाही. तेव्हा थोरली जाऊ तिला सांगते, तू नदीवर निवांत बस, रड, उशीर झाला तर मी सासूला सांगेन की नदीच आज लांब सरकली होती. एवढंच गाणं. पण बायांना ते लागलं. जावा-जावांनी त्यावर रील केले, लग्नातल्या मेंदीला लावलं, एका पोरीने त्यावर गिटार वाजवलं. लोकांच्या व्हिडिओंना लाखांनी बघणारे आणि माझ्या मूळ व्हिडिओला कोणी विचारेना. एका मोठ्या चॅनलने तर माझा अख्खा व्हिडिओच उचलला आणि वर स्वतःचं नाव झळकवलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी घरात येरझारा घालत म्हणाले, "आयत्या बिळावर नागोबा! कष्ट मी करायचे आणि नाव यांचं?" नवरा पेपर वाचत होता. तो म्हणाला, "अगं, गाणं तर मोठी आईनं म्हटलंय ना?" मी म्हणाले, "तुला यातलं काही कळत नाही." तो पुन्हा पेपरात गेला. त्याचं ते एक वाक्य मी तेव्हाच ऐकलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

तक्रार कशी करायची ते मी शिकले. फॉर्म भरला, शपथेवर लिहिलं, आणि चार दिवसांत त्या मोठ्या चॅनलचा व्हिडिओ खाली आला. काय आनंद झाला मला! खोटं कशाला बोलू, प्रकल्पाची वही फाडताना होतो तसाच आनंद झाला. मग मला चटकच लागली. कॉलेजातून आल्यावर चहा ठेवायचा आणि चोर शोधायला बसायचं.

त्याच सुमारास एका कंपनीचा मेल आला. तुमचं गाणं आमच्याकडे नोंदवा, आम्ही त्याची राखण करू, कुठेही कोणी ती चाल आणि ते शब्द वापरले की आमची यंत्रणा आपोआप पकडेल. मला तर हेच हवं होतं. फॉर्म उघडला. गीतकार, संगीतकार, हक्कांचे मालक, अशा तीन चौकटी. मी तिन्हीत ‘पारंपरिक’ लिहिलं. लाल अक्षरं उमटली, व्यक्तीचं नाव आवश्यक आहे. मोठी आईचं घालावं, असं मनात आलं, नाही असं नाही. पण मग तिचं आधार कार्ड, तिची सही म्हणजे अंगठा, तिच्या फोनवर येणारा नंबर. तिच्या घरी फोनला रेंज अंगणातल्या शेवग्याच्या झाडाखालीच मिळते. कोण एवढं करत बसणार? मी तिन्ही चौकटींत माझं नाव घातलं. आधार कार्डावरचं, म्हणजे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं, सासरचं. गावात मला त्या नावाने कोणी ओळखत नाही. तिथे मी अजून माहेरच्या नावाची, नाहीतर नुसती ‘नागपूरची ताई’, आणि नवरा नुसता ‘जावई’.

नाव लिहिताना हात थांबला का? थोडा थांबला. मग मी स्वतःला म्हटलं, हे फक्त चोरांना पकडण्यापुरतं आहे.

मार्चमध्ये बोर्डाचे पेपर तपासायला आले. गठ्ठ्यांच्या ढिगात मी बसलेली आणि फोनवर कंपनीचा निरोप, तुमच्या गाण्याशी जुळणारा एक व्हिडिओ पकडला आहे, काढायचा का? बारीकसं अंधुक चित्र होतं, दहा-बारा बाया, एकसारख्या हिरव्या साड्या, मध्ये कोणीतरी बसलेलं. खातं कुठल्याशा महिला बचत गटाचं. उघडून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी ‘होय, काढा’ दाबलं आणि पुढचा पेपर ओढला.

दोन दिवसांनी त्याच खात्याची हरकत आली. मोडक्यातोडक्या मराठीत लिहिलं होतं, हे गाणे आमच्या सासूबाईचे आहे, त्यांनीच केले आहे, कृपा करून आमचा व्हिडिओ परत द्यावा. मला हसू आलं आणि रागही आला. चोराच्या उलट्या बोंबा! एव्हाना हे गाणं प्रत्येकीच्या सासूबाईंचं झालं होतं. मी उत्तर लिहिलं. ते अजून माझ्याकडे आहे, मी पुसलं नाही. ‘लोकगीत कुणा एकीच्या सासूबाईंचे नसते. असा दावा कोणीही करू शकतो. पुरावा असल्यास सादर करावा, अन्यथा वेळ दवडू नये.’ शुद्धलेखन अगदी चोख होतं.

पुढून काही आलं नाही. मी जिंकले आणि विसरले.

एप्रिलच्या शेवटी वहिनीचा फोन आला. वहिनी म्हणजे मोठी आईची सून. ती क्वचितच फोन करते, म्हणून मी आधी घाबरले, मोठी आईला काही झालं की काय. तसं काही नव्हतं. तिचा आवाज मात्र रडवेला होता.

"ताई, तुम्ही शिकल्या-सवरल्या बाई आहा, म्हणून तुमाले लावला फोन. आमचं एक काम करा लागते."

मग तिने सांगितलं ते असं. तालुक्याच्या एका मंडळाने बचत गटांसाठी गाण्यांची स्पर्धा ठेवली होती. व्हिडिओ करून साइटवर टाकायचा आणि त्याची लिंक पाठवायची. निवडलेल्या गटाला नागपुरात मोठ्या हॉलमध्ये स्टेजवर गायला मिळणार. वहिनीच्या गटाने मोठी आईला मध्ये बसवून तिचं गाणं म्हटलं होतं. मोठी आई उभ्या जन्मात कधी स्टेजवर चढली नव्हती. गटातल्या बायांनी तिच्यासाठी हिरवी साडी आणली होती. ती रोज ती साडी काढून बघायची आणि घडी करून ठेवायची.

"अन् मंग तो व्हिडिओ गायब झाला, ताई. आमी लिहिलं तं आमालेच उलटून लिहिलं, पुरावा आना म्हने. मोठीमायपाशी कायचा पुरावा राहीन? मंडळवाल्यानं सांगतलं, हे गानं चोरीचं आहे, तुमचा गट बाद. साऱ्या बायाइच्या समोर वाचून दाखवलं त्यानं. मोठीमाय तिथंच बसून होती."

तो ‘पुरावा’ शब्द माझाच होता. तरी मी विचारलं, "कोणी केलं म्हणे हे?"

"एक बाई आहे, ताई. तिनं मोठीमायचं गानं आपल्या नावावर करून घेतलं. थांबा, कागदावर लिहून आनलं आहे मी, वाचून दाखवतो." आणि तिने अडखळत, एकेक अक्षर जोडत, माझं नाव वाचलं. माझं, नवऱ्याचं, आडनाव. "कोन होय वं ही बाई, काय मालूम. नागपूरचीच आहे म्हनते. तुमी पाहा न ताई, तुमची ओळख राहीन कुठं."

तेव्हा मी सांगायला हवं होतं. वहिनी, ती बाई मी आहे. पाच शब्द. त्याऐवजी मी म्हणाले, "बघते हं मी." आणि फोन ठेवला. आजवर केलेल्या सगळ्या गोष्टींत मला सर्वात जास्त लाज कशाची वाटत असेल तर त्या ‘बघते हं’ची. बाकीचं निदान न कळता झालं, असं म्हणता येईल. हे मी पूर्ण शुद्धीत बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने निघाले. बस रिकामी होती तरी मी उभीच राहिले थोडा वेळ, बसायचं सुचलंच नाही. काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होते आणि प्रत्येक वाक्यात स्वतःला थोडं थोडं सोडवत होते. फॉर्ममध्ये नाव लागतंच. कंपनीने केलं. यंत्रणा आपोआप पकडते. सावनेरला उतरेपर्यंत माझी बाजू इतकी तयार झाली होती की वकिलाने घ्यावी.

ऑटोने गावात पोचले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. मोठी आई ओसरीवर चिंचा फोडत बसली होती. मला बघून तिचा चेहरा फुलला. "अवं माय, अशा उन्हाची आली तू? काहून वं, फोन तं कराचा." वहिनीने पाणी आणलं, मग आशेने विचारलं, "लागला का ताई, तपास त्या बाईचा?"

जुळवलेली बाजू मी सोडून दिली. मी म्हणाले, "वहिनी, ते नाव माझं आहे."

तिला कळेना. मी आधार कार्ड काढून तिच्या हातात दिलं. तिने कमरेला खोचलेला कागद काढला, दोन्ही शेजारी धरून बघितलं, पुन्हा बघितलं. मग कार्ड मला परत दिलं आणि ती आत गेली. भांड्यांचा आवाज येत राहिला. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने थोड्या वेळाने मला ताट वाढून आणून दिलं, त्यात गोडाचं पण होतं, कारण माहेरवाशीण आली होती. मी ते कसं गिळलं माझं मला माहीत.

मोठी आईला मी सगळं समजावून सांगितलं. फॉर्म, चौकटी, कंपनी. ती चिंचोके वेगळे करत ऐकत होती. सांगता सांगता मी रडायला लागले आणि म्हटलं, "मला वाटलं मोठी आई, ते जुनं गाणं आहे. सगळ्यांचं."

"जुनं कायचं वं," ती म्हणाली. "मी केलं न ते. तुले सांगतलं होतं, तू मोबाईल लावून राह्यली होती तवाच."

मला काही आठवेना. आणि मग तिने जे विचारलं ते टोमणा मारून नाही, रागाने नाही, खरंच माहिती करून घ्यावी तसं विचारलं.

"मंग आता मले म्हनाचं असन ते, तं तुले इचारा लागन का वं?"

मी तिचे पाय धरले. ती म्हणाली, "उठ, चिंचेचे हात लागतीन साडीले."

घरी आल्यावर मी जुनी डिस्क शोधून काढली. न कापलेले व्हिडिओ त्यात होते. अकरावा लावला. मोठी आई पदर सारखा करते. फोन थोडा हलतो, मी स्टँड नीट करते आहे. आणि ती बोलायला लागते.

"हे तं म्याच केलेलं होय. तुही माय नवी नवरी आली होती न घरात, तवाचं. लय रडे वं ते. सासूले आवडे नाही रडलेलं. मंग मी तिले नदीवर घेऊन जाओ अन् म्हनो, रड इथं पोटभर. एक दिवस तिनं मले इचारलं—"

आणि तिथे माझा आवाज येतो. घाईचा, वर्गात लावते तसला. "मोठी आई, ते नंतर सांग. आधी गाणं म्हण, बॅटरी संपेल."

ती म्हणते, "बरं बापा." आणि गायला लागते.

चाळीस सेकंद. एवढंच मी कापून फेकलं होतं. पुरावा असल्यास सादर करावा, असं मी त्यांना लिहिलं होतं आणि पुरावा माझ्याच कपाटात होता, माझ्याच आईचा होता. आईने मला ते गाणं लहानपणी थोपटताना म्हटलेलं मला आठवत होतं. ते तिच्यासाठी कोणी केलं असेल असं मला कधी वाटलंच नाही. आईला नदीवर बसून रडावं लागलं असेल, हेही नाही. ते चाळीस सेकंद मी त्या दिवशी कितीदा ऐकले सांगता येणार नाही. मोठी आईचं बोलणं ऐकवत होतं, माझंच वाक्य ऐकवत नव्हतं.

मग निस्तरायला घेतलं. बांधायला एक दिवस लागतो आणि सोडायला महिने, हे मला आता कळलं. कंपनीला तो न कापलेला व्हिडिओ पाठवला, चौकटींत खोटी माहिती दिली असं स्वतःच्या सहीने लिहून दिलं. त्यांनी मलाच विचारलं, मूळ मालकाचा पुरावा काय? मी शेवग्याच्या झाडाखाली उभी राहून मोठी आईच्या फोनवरचा नंबर घेतला, तिचा अंगठा घेतला, जे आधी ‘कोण करत बसणार’ होतं ते सगळं केलं. माझ्या चॅनलवरच्या अकराही गाण्यांखाली तिचं नाव घातलं. बचत गटाचा व्हिडिओ परत आला. मंडळाच्या त्या गृहस्थांना जाऊन भेटले, त्यांनी वाचलं होतं ते खोटं होतं असं मी सगळ्या बायांसमोर उभं राहून सांगितलं. तेवढं तरी उभं राहणं माझ्या वाट्याला आलं. ते गृहस्थ म्हणाले, "ठीक आहे मॅडम, पण आता काय? कार्यक्रम तर होऊन गेला." नागपुरात दुसरा एक गट गाऊन आला होता. हिरवी साडी मोठी आईने पेटीत तळाशी ठेवली, ती अजून तिथेच आहे.

यंदा भुलाबाई बसली तेव्हा मी गेले. वहिनी बोलते माझ्याशी, पण जपून बोलते. पाहुण्यांशी बोलतात तसं. संध्याकाळी पोरी जमल्या, टिपऱ्या वाजल्या, एकेक गाणं झालं. ‘नदी दूर गेली’ची पाळी आली तशी पोरी थांबल्या आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मोठ्या कोणी नव्हत्या त्या, सातवी-आठवीतल्या असतील. गावात गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मी फोन पर्समध्ये टाकला, पर्स आत ठेवून आले आणि मोठी आईजवळ जमिनीवर बसले. म्हटलं, "मोठी आई, आधी सांग. मग म्हण. माझ्या आईनं तुला नदीवर काय विचारलं होतं?"

तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, मी शोधला तरी सापडला नाही.

"तवा सांगत होती मी तुले," ती म्हणाली. "तू म्हनली, नंतर. आता नाही सांगत बेटा. ते माह्यं अन् तुह्या मायचं होय."

मग तिने पोरींना खूण केली, टिपऱ्या उचलल्या गेल्या आणि ती गायला लागली. मी तिच्या शेजारी बसून मागे मागे म्हणत राहिले.